अँडोव्हरची हाडं

आजचा भाग जेवताना ऐकत असाल तर पॉज करा, जेवण उरकून घ्या आणि मग या. गंमत करत नाहीये.

१ ऑगस्ट १८४५. लंडनच्या पार्लमेंटमध्ये थॉमस वॅकली नावाचा खासदार उभा राहतो. हा माणूस मूळचा सर्जन. 'द लॅन्सेट' हे जे आजही जगभर वाचलं जाणारं वैद्यकीय नियतकालिक आहे ना, ते यानेच सुरू केलं. तो गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांना एक प्रश्न विचारतो. हॅम्पशरमधल्या अँडोव्हर गावाच्या वर्कहाउसमध्ये खतासाठी कुटायला हाडं आणतात. ती कुटणारे गरीब लोक त्याच हाडांना चिकटलेलं मांस खातात, नळीतला मगज काढून खातात, हे खरं आहे का?

ग्रॅहमसाहेबांचा यावर विश्वास बसत नाही. पण चौकशी करतो म्हणतात.

चौकशी झाली आणि सगळं खरं निघालं. ही गोष्ट अँडोव्हरची, पण फक्त एका दुष्ट मॅनेजरची नाही. तशी ती सांगायला सोपी पडते, आणि तेव्हाच्या सरकारनेही ती तशीच सांगायचा प्रयत्न केला. मला मात्र ती वाचताना वाटत राहिलं की इथे सिस्टीम बिघडली नव्हती, ती जशी डिझाइन केली होती तशीच चालली होती.

आधी गाव बघू. अँडोव्हर लंडनपासून नैर्ऋत्येला शंभरेक किलोमीटरवर. लोकवस्ती पाच हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावासारखं समजा, कारण त्याचं कामही तेच होतं: आजूबाजूच्या खेड्यांचा बाजार. मधोमध हाय स्ट्रीट, तिच्या एका टोकाला १८२५ साली बांधलेला गिल्डहॉल, वर टेकाडावर सेंट मेरी चर्च. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घोडागाड्यांच्या सराया, कारण लंडनहून पश्चिमेकडे एक्सेटरला जाणारा रस्ता इथूनच जायचा. मग १८४० मध्ये लंडन ते साउदॅम्प्टन रेल्वे सुरू झाली, आणि ती अँडोव्हरला बाजूला टाकून गेली. गावात स्टेशन यायला १८५४ उजाडलं. मधली चौदा वर्षं सरायांचा धंदा कसा बसला असेल, ते हायवेचा बायपास झालेल्या कुठल्याही गावातल्या ढाबेवाल्याला विचारा.

गावाची खरी शान म्हणजे शेजारची वेहिलची जत्रा. पाचेक किलोमीटरवर दर ऑक्टोबरला भरायची. मेंढ्यांचा बाजार म्हणून तिचं नाव सगळ्या इंग्लंडात. हजारोंनी मेंढ्या, चीज, बिअरसाठी लागणारे हॉप्स, आणि वर्षभराच्या कामासाठी मालक शोधत उभे असलेले मजूर. थॉमस हार्डीच्या 'द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज' या कादंबरीच्या सुरुवातीला नवरा दारूच्या नशेत बायको विकतो, ती जत्रा याच वेहिलवर बेतलेली आहे. पण आज आपला विषय मेंढ्या नाहीत. म्हणजे थोड्या आहेत. पुढे येतीलच.

आता 'पॅरिश' हा शब्द. इंग्लंडच्या इतिहासात तो इतक्या वेळा येतो, आणि आपण "चर्चचा काहीतरी विभाग असेल" म्हणून पुढे जातो. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आसपासचा भाग, हे बरोबर. पण एवढंच नाही. तीच ग्रामपंचायत, तीच जन्ममृत्यूची वही, तीच रस्तेदुरुस्ती आणि तेच रेशनचं दुकान. हे सगळं एकाच युनिटमध्ये. १६०१ मध्ये राणी एलिझाबेथच्या काळात कायदा झाला की प्रत्येक पॅरिशने आपल्या गरिबांची सोय स्वतः बघायची. त्यासाठी जमीनवाल्यांकडून कर घ्यायचा, आणि 'ओव्हरसियर' नेमायचे, म्हणजे गावातलेच चारचौघे, बहुतेक शेतकरी नाहीतर दुकानदार. विधवा आहे, म्हातारा आहे, हिवाळ्यात काम नाही, पाय मोडलाय, तर ओव्हरसियरकडे जायचं. तो घरबसल्या थोडे पैसे देणार, पाव देणार, कधी बूट देणार, कधी सरपण.

हे ऐकायला छान वाटतं. तेवढं छान ते नव्हतं. कोणता गरीब कोणत्या पॅरिशचा, यावरून प्रचंड भांडणं. तुमचा जन्म कुठला, लग्न कुठे झालं, वर्षभर चाकरी कुठे केली यावर तुमचं 'सेटलमेंट' ठरायचं. दुसऱ्या गावी मदत मागितलीत तर गाडीत घालून मूळ पॅरिशच्या हद्दीत नेऊन सोडणार. लग्न न झालेली गरोदर बाई दिसली की ओव्हरसियरची धावपळ सुरू, का तर मूल आपल्या हद्दीत जन्मलं तर ते आपल्या खर्चात जाईल. आणि ओव्हरसियरच्या मनाला आलं तर मदत, नाही आलं तर नाही.

तरीही एक गोष्ट होती. ज्याला नाही म्हणायचं तो माणूस समोर उभा असायचा. रविवारी त्याच चर्चमध्ये तो चार बाकं मागे बसायचा. त्याचा बाप तुमच्या बापाच्या शेतावर राबलेला असायचा. प्रेमाने म्हणा, लाजेने म्हणा, नाहीतर गंजीला आग लावतील या भीतीने म्हणा, ओव्हरसियरला त्याच्या डोळ्यांत बघावं लागायचं.

आग लावण्याची भीती मी उगाच म्हटली नाही. दक्षिण इंग्लंडात शेतमजुराची मजुरी आठवड्याला साधारण ८ शिलिंगच्या आसपास, आणि घरात पाच-सहा तोंडं. जेवण म्हणजे पाव, बटाटे, बरे दिवस असतील तर थोडं बेकन. वर मळणीयंत्रं आली आणि हिवाळ्यातलं मळणीचं काम गेलं. १८३० च्या नोव्हेंबरात मजुरांचा स्फोट झाला. याला 'स्विंग दंगे' म्हणतात. अँडोव्हरहून निघालेला जमाव जवळच्या क्लॅटफर्डमधल्या टास्कर यांच्या लोखंडाच्या कारखान्यावर चालून गेला, कारण तिथे शेतीची यंत्रं बनायची. तोडफोड झाली. मग हॅम्पशरच्या मजुरांवर विंचेस्टरला खास खटले चालले, आणि बऱ्याच जणांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवलं.

यानंतर लंडनच्या मोठ्या लोकांचं एकमत झालं की गरिबांना मदत करण्याची जुनी पद्धत बदलायला हवी. त्यांच्या मते प्रश्न मजुरी कमी असण्याचा नव्हताच. प्रश्न असा होता की मदत मिळते म्हणून लोक आळशी होतात! (हा युक्तिवाद ओळखीचा वाटला तर तो तुमच्या फॅमिली ग्रुपवर गेल्याच आठवड्यात फॉरवर्ड झालेला असू शकतो.)

१८३४ मध्ये नवीन 'पुअर लॉ' आला. त्यामागचं मुख्य डोकं एडविन चॅडविक, प्रचंड हुशार, प्रचंड कामसू आणि माझ्या मते प्रचंड असह्य माणूस. लोकांना आकड्यांत बघणाऱ्या टेक लीडसारखा. नवीन डिझाइन असं: इंग्लंड आणि वेल्समध्ये पंधरा हजारांच्या आसपास पॅरिश आहेत, त्या एकत्र करून साधारण ६०० 'युनियन' करायच्या. प्रत्येक युनियनचं एक मोठं वर्कहाउस. मदत हवी असेल तर घर सोडून त्या वर्कहाउसमध्ये राहायला या. धडधाकट माणसाला घरपोच मदत शक्यतो बंद. वर स्थानिक करदात्यांनी निवडलेलं 'गार्डियन' मंडळ, आणि त्या सगळ्यांच्या वर लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये बसलेले तीन कमिशनर. हे तिघं पार्लमेंटमध्ये बसत नव्हते, म्हणजे त्यांना तिथे उभं करून थेट प्रश्न विचारायची सोयही नव्हती.

आणि या सगळ्याच्या गाभ्यात एक तत्त्व, त्याचं नाव 'लेस एलिजिबिलिटी'. साध्या मराठीत: वर्कहाउसमधलं जगणं हे बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जगण्यापेक्षा नेहमी वाईट असलं पाहिजे. नाहीतर लोक काम सोडून आत येऊन बसतील.

आता इथे जरा थांबा आणि हिशोब करा. बाहेरचा मजूर ८ शिलिंगवर सहा पोटं भरतोय. तो आधीच अर्धपोटी आहे. आता त्याच्यापेक्षा वाईट जगणं डिझाइन करून दाखवा. कसं कराल? जेवण त्याच्याही खाली न्यायचं तर माणूस मरतो. मग वाईटपणा दुसरीकडून आणावा लागतो. नवरा एका वॉर्डात, बायको दुसऱ्यात, मुलं तिसऱ्यात. अंगावरचे कपडे काढून घेऊन वर्कहाउसचा गणवेश. बोलण्यावर, भेटण्यावर, बाहेर जाण्यावर बंधनं. आणि काम असं द्यायचं की ज्यात काही शिकायला नको, नुसता घाम आणि अपमान. हे कुणाच्या चुकीने झालं नाही. हे स्पेसिफिकेशनमध्येच होतं.

आकडा मात्र झकास दिसू लागला. गरिबांवरचा देशाचा खर्च १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला ७० लाख पौंडांच्या घरात होता. १८३७ पर्यंत तो ४० लाखांच्या आसपास आला. डॅशबोर्ड हिरवागार. गरिबी घटली का, हे त्या डॅशबोर्डवर नव्हतंच.

आता परत अँडोव्हरला. १८३५ मध्ये अँडोव्हर युनियन झाली, आसपासच्या पॅरिश त्यात गोळा केल्या. गावाबाहेर नवीन वर्कहाउस बांधलं आणि ते १८३७ मध्ये सुरू झालं, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर आली तेच वर्ष. डिकन्सची 'ऑलिव्हर ट्विस्ट' मासिकातून क्रमशः यायला लागली तेही तेच वर्ष. गार्डियन मंडळाचे अध्यक्ष होते रेव्हरंड क्रिस्टोफर डॉड्सन, एक पाद्री. बाकी मंडळात, खेड्यापाड्यातल्या सगळ्याच युनियनमध्ये असायचे तसे, बहुतेक शेतकरी. वर्कहाउसचा मास्टर म्हणून त्यांनी नेमला कॉलिन मॅक्डूगल. माजी सार्जंट-मेजर, वॉटर्लूच्या लढाईत लढलेला. त्याची बायको मेरी अ‍ॅन मेट्रन. मंडळाच्या दृष्टीने आदर्श जोडपं: शिस्त लावणार, खर्च आटोक्यात ठेवणार.

लंडनच्या कमिशनने वर्कहाउससाठी सहा नमुना आहारतक्ते काढले होते, कुठलाही एक निवडा म्हणून. अँडोव्हरने त्यातला सगळ्यात कंजूष निवडला. आणि मॅक्डूगलने त्या कंजूष तक्त्यातूनही आपला वाटा काढून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे कागदावर जे जेमतेम होतं, ते ताटात त्याहून कमी. इतर ठिकाणी नाताळला किंवा १८३८ मध्ये राणीच्या राज्याभिषेकाला वर्कहाउसमधल्या लोकांना चार घास जास्त मिळाले. अँडोव्हरमध्ये तेही नाही. मास्टर दारू पिऊन मारहाण करायचा, आणि आतल्या बायकांशी कसा वागायचा याच्या साक्षी पुढे चौकशीत आल्या. मंडळाला यातलं काही बघायचं नव्हतं. हिशोबाची वही वेळेवर यायची, आकडे खाली होते, मॅक्डूगल उत्तम चाललाय.

आणि मग हाडं.

हाडांचा चुरा हे तेव्हाचं भारी खत होतं. हॅम्पशरची जमीन चुनखडीची, हलकी. त्यात हाडांचा चुरा टाकला की सलगम चांगले येतात, सलगमावर मेंढ्या पोसतात, आणि मेंढ्या वेहिलच्या जत्रेत विकल्या जातात. सांगितलं होतं ना, मेंढ्या येतील. म्हणजे त्या गावाच्या पैशाचं जे चक्र होतं, त्याच्या एका टोकाला जत्रेतला मेंढ्यांचा लिलाव आणि दुसऱ्या टोकाला वर्कहाउसच्या आवारातली हाडांची रास. युनियन हाडं विकत घ्यायची, फुकटच्या श्रमावर कुटून घ्यायची आणि चुरा शेतकऱ्यांना विकायची. शिस्तीची शिस्त, वर चार पैसे सुटणार.

काम कसं चालायचं? जाड पेटीत हाडं टाकायची आणि लोखंडी मुसळाने कुटायची. मुसळाचं वजन २८ पौंड, म्हणजे पावणेतेरा किलो. जिममध्ये जाणाऱ्यांनी मनातल्या मनात एवढ्या वजनाचं केटलबेल दिवसभर उचलून आपटून बघावं, पातळ पेजेच्या जोरावर. हाडांचे तुकडे उडून तोंडावर लागायचे. वास असा की विचारू नका. आठ-दहा वर्षांच्या पोरांनाही या कामाला लावलं होतं, दोघांत मिळून एक मुसळ. हाडं घोड्यांची, इतर जनावरांची, खाटकाकडची. अधूनमधून जुन्या स्मशानातून आलेली माणसांचीही त्यात सापडायची, असं साक्षींमध्ये आहे.

आणि भूक. त्या राशीत एखादं हाड ताजं असायचं, त्यावर मांसाचा लहानसा तुकडा शिल्लक असायचा, नळीत मगज असायचा. साठी ओलांडलेल्या एका साक्षीदाराने पुढे जे सांगितलं ते वाचून मी लॅपटॉप बंद केला होता. ताजं हाड नुसतं बघून ओळखता यायचं, आणि ते दिसलं की कुत्र्यांसारखे त्यावर तुटून पडायचो, असं तो म्हणाला. काही जण ताजं-शिळं बघायचेही नाहीत. आपण मात्र जरा वास मारायला लागलेल्या हाडाला हात लावला नाही, हे त्याने आवर्जून सांगितलं. मगज चांगला असतो, तो हाडाच्या आत असतो ना, त्याला घाण लागत नाही, हेही. एवढ्या सगळ्यात त्या माणसाला आपण स्वच्छता पाळतो हे चौकशी अधिकाऱ्याला कळायला हवं होतं.

हे बाहेर कसं आलं? कमिशनकडे 'असिस्टंट कमिशनर' म्हणजे फिरते तपासनीस होते, पण खर्च कमी करायच्या नादात त्यांची संख्या नऊवर आणली होती. सहाशे युनियन, नऊ माणसं. तुम्हीच बघा. अँडोव्हर ज्याच्याकडे होतं तो हेन्री पार्कर. त्याच्या फेऱ्या व्हायच्या, पण हाडं चोखणारे त्याला दिसले नाहीत. दिसायला कुणी दाखवावं लागतं.

बातमी फुटली ती जुन्या गावकीतूनच. ह्यू मंडी नावाचा एक शेतकरी स्वतः गार्डियन मंडळात होता. वर्कहाउसमधून बाहेर पडलेले मजूर शेतावर कामाला येतात, दुपारी भाकरतुकडा खाताना बोलतात, त्या बोलण्यातून त्याच्या कानावर आलं. त्याने खात्री करून घेतली आणि विषय मंडळात मांडला. मंडळाने काय केलं माहितीये? उन्हाळा आहे, वास येतो, तर उन्हाळ्यापुरतं हाडं कुटणं थांबवा. विषय संपला! तिकीट क्लोज. भुकेचा उल्लेख कुठेच नाही.

मंडीने मग मंडळाला वळसा घालून थेट वॅकलीला गाठलं. आणि तिथून आपण सुरुवातीला पाहिलेला प्रश्न.

मला या मंडीबद्दल फार कुतूहल आहे. तो काही क्रांतिकारक नव्हता. जमीन होती, प्रतिष्ठा होती, ज्यांच्याविरुद्ध गेला त्यांच्याच शेजारी त्याला आठवडी बाजारात उभं राहायचं होतं. छोट्या गावात असं करणं म्हणजे काय, हे छोट्या गावातून आलेल्यांना वेगळं सांगायला नको. पॅरिशची जुनी व्यवस्था कायद्याने मोडून दहा वर्षं झाली होती, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागणं त्याच्यापुरतं तरी शिल्लक होतं.

प्रश्न विचारल्यावर लगेच पार्करची रवानगी अँडोव्हरला. त्याने साक्षी घेतल्या आणि प्रामाणिकपणे कळवलं की आरोप खरे आहेत. 'द टाइम्स'ने प्रकरण उचलून धरलं. त्या पेपरचा मालक जॉन वॉल्टर नव्या पुअर लॉचा जुना विरोधक, त्यामुळे त्यांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. रोज रकानेच्या रकाने. मॅक्डूगलवर अन्न चोरल्याचे, दारूचे, बायकांवरच्या अत्याचारांचे आरोप एकामागून एक. सप्टेंबरच्या अखेरीस त्याने राजीनामा दिला आणि चौकशीतून सुटला.

आता सॉमरसेट हाउसमधल्या कमिशनरांची पंचाईत. राग लोकांच्या डोक्यात चढलेला, कुणाचा तरी बळी द्यायला हवा. मग कुणाला धरलं? पार्करला! ज्याने जाऊन खरं काय ते लिहून दिलं त्याला. तुझ्या भागात हे घडलंच कसं, चौकशीही नीट चालवली नाहीस, दे राजीनामा. आहार ठरवला मंडळाने, मंजूर केला कमिशनने, तपासनीस कमी केले सरकारने, आणि नोकरी गेली तपासनिसाची. त्याच वर्षाच्या अखेरीस हाडं कुटण्याचं काम देशभरातल्या वर्कहाउसमधून बंद करायचा हुकूमही निघाला. म्हणजे लोकांना हाडं खाताना कुणी बघणार नाही याची सोय झाली. आहारतक्त्याचा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

पण पार्कर गप्प बसला नाही. त्याने आपली बाजू छापून काढली. खासदार भडकले आणि मार्च १८४६ मध्ये पार्लमेंटची निवड समिती बसली. तिच्यासमोर हाडं राहिली बाजूलाच, कमिशनच्या आतली धुणीच बाहेर यायला लागली. चॅडविक, ज्याने ही सगळी व्यवस्था आखली, तो कमिशनचा सेक्रेटरी होता आणि कमिशनरांशी त्याचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं. त्याने आपल्याच वरिष्ठांविरुद्ध साक्ष दिली. ऑगस्टमध्ये अहवाल आला. त्यात अँडोव्हरच्या गार्डियन मंडळालाही झोडपलं होतं आणि पार्करला दिलेल्या वागणुकीसाठी कमिशनरांनाही. १८४७ मध्ये कमिशनच बरखास्त झालं आणि त्याच्या जागी 'पुअर लॉ बोर्ड' आलं, ज्याचा प्रमुख पार्लमेंटला जबाबदार असणार होता. हा बदल लहान नव्हता. निदान प्रश्न कुणाला विचारायचा हे तरी ठरलं.

'लेस एलिजिबिलिटी'ला मात्र कुणी हात लावला नाही.

ते तत्त्व जहाजात बसून आपल्याकडेही आलं. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ आठवा. दुष्काळी कामांवर किती मजुरी द्यायची हे ठरवायला व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपलला पाठवलं. त्याने काढलेला दर म्हणजे पुरुषाला दिवसभराच्या कष्टाला एक पौंड, जेमतेम अर्धा किलो धान्य आणि वर एक आणा. त्यामागचा विचार तोच: मदत इतकी कमी आणि काम इतकं कठीण ठेवा की ज्याला अगदी गत्यंतर नाही तोच येईल. त्याला ते 'टेस्ट' म्हणायचे, वर्कहाउसच्या 'टेस्ट'सारखंच. मुंबई इलाख्यात मजुरांनी या दराविरुद्ध कामं सोडली, अक्षरशः संप केला. आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्जांवर अर्ज पाठवले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, त्यात पुढे होते. यावर वेगळा भाग करायचा आहे, म्हणून इथेच थांबतो. फक्त एवढं लक्षात ठेवा की टेंपल त्याच वर्षी, १८७७ मध्ये, मुंबईचा गव्हर्नर झाला.

अँडोव्हरमध्ये त्याच काळात अजून एक बांधकाम चालू होतं, ते सांगायचं राहिलं. टेकाडावरचं जुनं नॉर्मन काळातलं सेंट मेरी चर्च पाडून त्या जागी मोठं, देखणं नवीन चर्च उभारलं गेलं. विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक डॉ. गॉडर्ड यांनी त्याचा खर्च केला. काम चाललं १८४० ते १८४६. आकडे परत बघा. वर्कहाउसच्या आवारात मुसळं चालू होती तेव्हा टेकाडावर गवंड्यांच्या छिन्न्या चालू होत्या, आणि हाडांवरचा अहवाल छापला गेला त्याच वर्षी चर्च पूर्ण झालं. मला यात डॉ. गॉडर्डना नावं ठेवायची नाहीत. त्यांनी स्वतःचे पैसे दिले आणि ते चर्च खरंच सुंदर आहे. जुन्या चर्चचा एक कोरीव दरवाजा अजून तिथे आवारात जपलेला आहे.

मॅक्डूगलच्या जागी मंडळाने नवीन मास्टर आणला, तो तुरुंगाच्या नोकरीतला. काही वर्षांत त्यालाही काढावं लागलं, वर्कहाउसमधल्या बायकांशी गैरवर्तन केलं म्हणून. गार्डियन मंडळं देशभरातून हटली ती १९३० मध्ये, म्हणजे त्या ऑगस्टनंतर पंच्याऐंशी वर्षांनी. अँडोव्हरच्या वर्कहाउसची इमारत अजून उभी आहे. पुढे तिथे हॉस्पिटल झालं, मग कॉलेजचे वर्ग भरले, आणि आता तिथे लोकांची घरं आहेत.

पुढच्या भागात सार्वजनिक सभा आणि १८७७ चा संप. तोपर्यंत, भेटू.